टेबल लिंक होत नाही? फील्डचं नाव वाचू नका, मोजा

"ताई, 'ओडीबीसी कॉल फेल्ड' येतंय. खाली लिहिलंय 'इनव्हॅलिड कॉलम नेम बिल_नो'. पण सर्व्हरवर बघितलं, बिल_नो आहे की तिथं! तीनदा वाचलं."

"वाचलंस ते ठीक. मोजलंस का?"

फोनवर पलीकडे शांतता. या प्रश्नावर सगळ्यांचं असंच होतं, कारण नाव मोजायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. बरीच वर्षं मी ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्राममधले फ्रंट-एंड, म्हणजे लोक वापरतात ते फॉर्म आणि रिपोर्ट, सांभाळते आहे. मागचा डेटा दुसऱ्या डेटाबेसात, बहुतेक वेळा एसक्यूएल सर्व्हरवर असतो, कधी पोस्टग्रेसवर; तिथली टेबलं ॲक्सेसला ओडीबीसी नावाच्या दुव्याने जोडायची, यालाच लिंक करणं म्हणतात. आणि कितीही नको म्हटलं तरी एखादं टेबल एक्सेल फाइलमधून आलेलं असतंच. पासवर्ड, ड्रायव्हर आणि नेटवर्क या तिघांनी मिळून दिला नसेल एवढा ताप मला फील्डच्या, म्हणजे टेबलातल्या कॉलमच्या, नावांनी दिलाय. नाव ठेवणारा प्रोग्राम एक, वाचणारा दुसरा, आणि एकाला चालतं ते दुसऱ्याला चालत नाही, एवढंच त्यामागचं कारण.

बिल_नोकडे परत येते. आधी नियम बघून घेऊ, नाहीतर गंमत कळणार नाही.

ॲक्सेसमध्ये फील्डचं नाव ६४ अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही. टिंब (.), उद्गारचिन्ह (!), बॅकटिक (`) आणि चौकटी कंस ([ ]) नावात चालत नाहीत. नावाची सुरुवात स्पेसने करता येत नाही. टॅब, नवी ओळ अशी ० ते ३१ क्रमांकांची न दिसणारी कंट्रोल कॅरॅक्टर्सही चालत नाहीत. मधली स्पेस, हायफन, टक्का, प्रश्नचिन्ह हे सगळं चालतं. मला चालत नाही, पण ॲक्सेसला चालतं. एसक्यूएल सर्व्हर मात्र १२८ अक्षरांपर्यंत मोकळीक देतो आणि नाव चौकटी कंसात घालून दिलं की जवळजवळ काहीही गिळतो. पोस्टग्रेस ६३ बाइटवर थांबतं. बाइटवर, अक्षरांवर नाही, आणि त्या फरकाची मोठी गोष्ट पुढे आहे. ओरॅकलची मर्यादा १२.१ आवृत्तीपर्यंत ३० बाइटची होती, १२.२ पासून ती १२८ झाली. जुन्या डीबेस फाइलींत तर फील्डच्या नावाला १० अक्षरं. 'कस्टमर_नेम' आणि 'कस्टमर_नंबर' इंग्रजीत लिहून दहावर कापा, दोन्ही एकाच 'एन'वर येऊन थांबतात.

नियम मोडला की दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर सरळ नकार मिळतो. हे नाव वैध नाही, त्यात चुकीची चिन्हं नाहीत ना आणि ते फार लांब नाही ना ते बघा, अशा अर्थाचा ३१२५ क्रमांकाचा एरर येतो. हा आला तर नशीब समजा, निदान कुठं बघायचं ते कळलं. नाहीतर टेबल गुपचूप लिंक होतं, पण मधल्या मध्ये नाव बदललेलं किंवा कापलेलं असतं. मग बोंब भलतीकडेच उठते. क्वेरी, म्हणजे डेटा मागवणारी आज्ञा, चालवली की 'एंटर पॅरामीटर व्हॅल्यू' असं विचारणारी खिडकी उघडते, कारण जे नाव सापडत नाही त्याला ॲक्सेस पॅरामीटर, म्हणजे तुमच्याकडून भरून घ्यायची माहिती, समजतं. हीच क्वेरी कोडमधून चालवली तर 'टू फ्यू पॅरामीटर्स, एक्स्पेक्टेड १' असा ३०६१ नंबरचा एरर. फॉर्मवरच्या चौकटीत '#नेम?' दिसतं. या तिन्हींपैकी काहीही दिसलं तर क्वेरीचं लॉजिक तपासत बसू नका. आधी नाव.

आता बिल_नो. नाव इंग्रजी अक्षरांत होतं: 'बिल'ची चार, एक अंडरस्कोर, 'नो'ची दोन. सात. त्याला म्हटलं, सर्व्हरच्या सिस्टिम कॅटलॉगमध्ये 'सिस डॉट कॉलम्स' म्हणून व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) आहे, त्यातून या टेबलाच्या कॉलमची नावं काढ आणि प्रत्येक नावापुढे 'लेन' फंक्शनने लांबी टाक. दोन मिनिटांनी म्हणाला, "नऊ येतंय."

सात अक्षरं आणि लांबी नऊ. आदल्या दिवशी कुणीतरी जुन्या कॉलमला नवं नाव दिलं होतं. त्यासाठी एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'एसपी_रीनेम' वापरतात. जुनं नाव देताना टेबलासकट कंसात लिहायची सवय असते, म्हणून त्या भल्या माणसाने नवं नावही कंसात लिहिलं: [बिल_नो]. 'एसपी_रीनेम' नवं नाव जसं दिलं तसं उचलतं, कंस सोलत नाही. त्यामुळे कॉलमचं खरं नावच कंसासकट [बिल_नो] झालं. आणि एसक्यूएल सर्व्हरच्या स्क्रिप्टमध्ये रोज सगळी नावं कंसातच बघायची सवय असल्याने ते बघून कुणालाच काही वाटलं नाही. तीनदा काय, तीसदा वाचलं असतं तरी दिसलं नसतं.

दुरुस्ती एका ओळीची, पण ती ओळ लिहिताना बोटं अडखळतात. कंस असलेलं नाव पुन्हा कंसात घालायचं तर आतला बंद होणारा कंस दुप्पट करावा लागतो: [[बिल_नो]]]. सुरुवातीला दोन, शेवटी तीन. हा टायपिंगचा घोळ नाही, बरोबर असंच लिहायचं. डोकं चक्रावत असेल तर 'कोटनेम' फंक्शनला नाव द्या, ते कंस मोजून देतं. हे झालं जुनं नाव. नवं नाव नुसतं बिल_नो, उघडं, कंसाशिवाय. तिसऱ्या जागी 'कॉलम' हा शब्द. चालवलं की सर्व्हर इशारा देतो की नाव बदलल्याने स्क्रिप्ट आणि स्टोअर्ड प्रोसीजर (सर्व्हरवर साठवलेला कोड) बिघडू शकतात. हा इशारा मनावर घ्या. 'एसपी_रीनेम' कॉलमचं नाव बदलतं, पण त्या कॉलमवर उभे असलेले व्ह्यू, प्रोसीजर, ट्रिगर यांच्या आतला मजकूर बदलत नाही.

शेवटी चिकटलेली स्पेस

'लेन' सगळं पकडेल असं समजू नका. एसक्यूएल सर्व्हरचं 'लेन' शेवटच्या स्पेस मोजतच नाही. नावाच्या शेवटी स्पेस चिकटली असेल तर 'लेन' शहाण्यासारखं सात सांगेल आणि तुम्ही फसाल. म्हणून शेजारी 'डेटालेंग्थ' टाका. ते बाइट मोजतं, आणि कॉलमची नावं तिथं दर अक्षराला दोन बाइट घेतात. सात अक्षरांचे चौदा यायला हवेत, सोळा आले तर शेवटी एक पाहुणा बसलेला आहे. सगळ्या टेबलांवर एकदमच बघायचं असेल तर 'लेन'ची दुप्पट आणि 'डेटालेंग्थ' जिथे जुळत नाही त्या ओळी काढा. कॉपी-पेस्ट करून बनवलेल्या टेबलात किमान एक तरी निघतोच, हा माझा अनुभव.

बाकीची चिन्हं शोधायला 'लाइक'चा नमुना द्यायचा: इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर यांच्याखेरीज ज्या नावात काहीही असेल ते दाखव. सोबत बायनरी कोलेशन (अक्षरं नुसत्या क्रमांकावरून ताडायचा नियम) लावायला विसरू नका, नाहीतर ए ते झेडच्या मध्ये मात्रा लावलेली परकी अक्षरंही खपून जातात.

सर्व्हरच्या कॅटलॉगमध्ये डोकावायची परवानगी नसेल तर? तेव्हा मी अर्ध्या-अर्ध्याचा खेळ खेळते. अर्धे कॉलम घेऊन व्ह्यू बनवून घ्यायचा, तो लिंक करायचा. झाला तर खोट उरलेल्या अर्ध्यात. मग त्याचे अर्धे. दोनशे कॉलम असले तरी आठ फेऱ्यांत गुन्हेगार हाती लागतो. जाता जाता, कॉलम २५५ पेक्षा जास्त असतील तर नावांच्या मागे लागूच नका. ॲक्सेसच्या एका टेबलात तेवढीच फील्ड मावतात.

'अ. क्र.' आणि मंडळी

एक्सेल हा स्वतंत्र विषय आहे आणि आपण मराठी माणसं त्यात विशेष मार खातो, कारण आपल्याला टिंबाचं भारी वेड. अ. क्र., दि., मो. नं., रु. शीर्षकाच्या ओळीत हे सगळं असतंच. ॲक्सेस एक्सेलची शीट लिंक करतं तेव्हा शीर्षकातल्या टिंबाच्या जागी # येतो. म्हणजे 'अ. क्र.'चं होतं 'अ# क्र#', 'मो. नं.'चं 'मो# नं#'. एरर काहीच येत नाही. टेबल उघडतं, डेटा दिसतो, सगळे खूश. मग कुणीतरी जुन्या क्वेरीत [मो. नं.] लिहितो आणि पॅरामीटरची खिडकी उघडते.

शीर्षक रिकामं असेल तर त्या कॉलमला एफ५ किंवा फील्ड५ असं नाव मिळतं, आकडा कॉलमच्या जागेवरून. मध्ये कुणी एक कॉलम घातला की एफ५ चा एफ६ होतो आणि महिनाभर नीट चाललेला रिपोर्ट भलत्याच आकड्यांची बेरीज करून देतो. हा प्रकार मी पाहिलाय, आणि बेरीज चुकतेय हे कळायला तीन आठवडे लागले होते. तेव्हापासून एक्सेलची मूळ शीट मी थेट लिंक करत नाही. त्याच फाइलीत दुसरी शीट करते, वर साधी नावं, खाली मूळ शीटकडे बोट दाखवणारे फॉर्म्युले, आणि लिंक त्या शीटची. माणसांना त्यांची 'अ. क्र.' लखलाभ.

शीर्षकात न दिसणारं काही आहे का हे एक्सेलमध्येच तपासता येतं. २०१३ पासून 'युनिकोड' नावाचं फंक्शन आहे. 'मिड'ने एकेक अक्षर काढून त्याला द्यायचं, ते क्रमांक सांगतं. साधी स्पेस ३२. वेबपानावरून उचललेल्या मजकुरातली न तुटणारी स्पेस १६०, दिसायला हुबेहूब तशीच. सेलमध्ये ऑल्ट-एंटर मारून पाडलेली ओळ १०. शून्य रुंदीची स्पेस ८२०३. 'ट्रिम' फंक्शन १६० ला हात लावत नाही, तिला 'सब्स्टिट्यूट'नेच घालवावं लागतं. 'क्लीन' फक्त ० ते ३१ झाडून काढतं.

सीएसव्ही फाइल असेल तर पहिल्याच कॉलमवर संशय घ्या. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत) फाइलीच्या अगदी सुरुवातीला कधी कधी बीओएम नावाची तीन बाइटची खूण असते. ती नीट न ओळखणारा प्रोग्राम तिला पहिल्या शीर्षकाचा भाग समजतो. बाकी सगळी फील्ड सापडतात, फक्त पहिलं सापडत नाही, ही तिची ओळख. तिचा क्रमांक ६५२७९. ॲक्सेसच्या व्हीबीए या प्रोग्रामिंगच्या भाषेत 'ॲस्क-डब्ल्यू'ने तपासलंत तर मात्र उत्तर उणे २५७ येईल, कारण ते फंक्शन ३२७६७ च्या पुढचे आकडे उणे करून दाखवतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा कोडच चुकलाय समजून तासभर तो तपासत बसले होते.

ऱ्याची गोष्ट

मराठीत फील्डची नावं ठेवू नयेत असं मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं हिला भाषेचं प्रेम नाही. प्रेम आहे म्हणूनच सांगते.

एका टेबलात कॉलम होता 'कर्मचाऱ्याचे_पूर्ण_नाव'. डेटा पोस्टग्रेसमध्ये. तिथं सगळं व्यवस्थित. क्वेरी चालतात, ओळी येतात. ॲक्सेसमधून लिंक केलं तर फील्डचं नाव दिसतंय 'कर्मचाऱ्याचे_पूर्ण_ना'. शेवटचा 'व' गळालेला. नावातून व गेला आणि उरला नुसता 'ना'. आणखी गंमत म्हणजे दुसऱ्या टेबलात अगदी हेच नाव पूर्णच्या पूर्ण दिसत होतं.

मोजायला बसले. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्त धरून, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं. या नावात अशी वीस चिन्हं आहेत आणि दोन अंडरस्कोर: साठ आणि दोन, बासष्ट. त्रेसष्टच्या मर्यादेत बसलं, एका बाइटने. मग पहिल्या टेबलात काय झालं? तिथं 'ऱ्या' वेगळ्या पद्धतीने टाइप केला होता. हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एकात स्वतंत्र 'ऱ' असतो, क्रमांक २३५३, त्याला हलन्त आणि पुढे य. दुसऱ्यात साधा र, क्रमांक २३५२, हलन्त, मग न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक ८२०५, आणि मग य. पडद्यावर दोन्ही एकच. पण जोडकाचेही तीन बाइट लागतात. बासष्टचे झाले पासष्ट, आणि पोस्टग्रेसने नाव कापलं. एरर देत नाही, फक्त सूचना देतं, आणि सूचना कोण वाचतं! तिथल्या क्वेरी चालत होत्या त्या एवढ्याचसाठी की लांब नावाने विचारलं तरी ते तसंच कापूनच शोधतं. ॲक्सेसला मात्र कापलेलंच नाव मिळालं.

हिशेब सोपा आहे: पोस्टग्रेसमध्ये मराठी नावाला एकवीस चिन्हं, संपलं. 'लेंग्थ' अक्षरं मोजतं आणि 'ऑक्टेट_लेंग्थ' बाइट मोजतं, तिथं दोन्ही शेजारी मांडून बघा.

आणि ॲक्सेसचा व्हीबीए एडिटर देवनागरी दाखवतच नाही, अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. म्हणजे असं फील्ड कोडमध्ये नावाने लिहिताही येत नाही. म्हणून फील्डचं नाव इंग्रजी अक्षरांत, छोटं, अंडरस्कोर लावून ठेवावं, आणि मराठी नाव 'कॅप्शन' या गुणधर्मात लिहावं. लिंक केलेल्या टेबलालाही कॅप्शन देता येतं. फक्त एक लक्षात ठेवा: डेटाशीटच्या माथ्यावर मग कॅप्शन दिसतं, नाव नाही. कुणीतरी तेच बघून क्वेरीत लिहितो आणि पुन्हा पॅरामीटरची खिडकी. खरं नाव बघायचं तर टेबल डिझाइनमध्येच उघडा.

दुरुस्ती कुठं करायची

मूळ टेबल तुमचं असेल तर तिथंच नाव बदला. ॲक्सेसमध्ये लिंक केलेल्या टेबलाच्या फील्डचं नाव बदलता येत नाही, त्यामुळे तिथं झटापट करू नका. आणि प्रत्येक क्वेरीत टोपणनाव देऊन वेळ मारून नेऊ नका. आज एका क्वेरीत चालेल, वर्षभराने चाळीस क्वेरींमध्ये तेच ठिगळ असेल आणि त्यातली तीन वेगळी लिहिलेली असतील.

टेबल दुसऱ्याचं असेल, हात लावायची मुभा नसेल, तर सर्व्हरवर व्ह्यू बनवून घ्या. त्यात वाईट नावांना 'ॲज' लावून चांगली नावं द्या आणि मूळ टेबलाऐवजी तो व्ह्यू लिंक करा. लिंक करताना ॲक्सेस विचारेल की ओळ ओळखायला कोणतं फील्ड वापरू. दहापर्यंत निवडता येतात. काहीच निवडलं नाही तर डेटा फक्त वाचता येईल, बदलता येणार नाही. चुकीचं निवडलं, म्हणजे ज्याच्यात तेच मूल्य अनेक ओळींत पुन्हा येतं असं, तर एकच ओळ अनेकदा छापल्यासारखी दिसेल. घाईत 'ओके' दाबू नका. लिंक काढून पुन्हा केली तर ही निवडही पुन्हा करावी लागते.

फक्त वाचायचाच डेटा असेल तर पास-थ्रू क्वेरी सर्वांत सोपी. ती सर्व्हरच्याच बोलीत जशीच्या तशी जाते, त्यामुळे वाईट नाव तिथल्या पद्धतीने कंसात किंवा अवतरणात लिहून टोपणनाव देता येतं.

राखीव शब्दांचा त्रास वेगळ्या जातीचा. 'डेट', 'ऑर्डर', 'ग्रुप', 'नेम' ही नावं अवैध नाहीत, लिंकही होतात, फक्त पुढे खोड्या काढतात. रिपोर्टवरच्या चौकटीत 'नेम' लिहिलंत तर माणसाच्या नावाऐवजी रिपोर्टचं नाव छापलं जाऊ शकतं. पोस्टग्रेसमध्ये कुणी नाव अवतरणात घालून मोठ्या लिपीतली (कॅपिटल) अक्षरं ठेवली असतील तर दरवेळी अवतरण लावावंच लागतं, नाहीतर ते सगळं छोट्या लिपीत करून शोधतं आणि असा कॉलमच नाही म्हणतं.

नाव बदलून झालं की फ्रंट-एंडची एक प्रत बाजूला ठेवा आणि जुनी लिंक काढून नवी करा. लिंक काढल्याने सर्व्हरवरचा डेटा जात नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण डिलीट दाबताना भल्याभल्यांचा हात थरथरतो. तुम्ही इथं दिलेली कॅप्शन मात्र जातात, ती आधी टिपून घ्या. मग नव्या टेबलाच्या फील्डची यादी आणि जुन्या क्वेरींतली नावं शेजारी-शेजारी ठेवून जुळवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण रिपोर्ट बंद पडल्यावर करण्यापेक्षा आता केलेलं परवडतं.

बिल_नो त्या दिवशी पाच मिनिटांत सरळ झालं. संध्याकाळी पुन्हा फोन. "ताई, आता दोन व्ह्यू चालत नाहीत."

"उघडून बघ. त्यांच्यात [[बिल_नो]]] लिहिलेलं असेल."

"तुम्हाला कसं कळलं?"

मधल्या एका दिवसात कुणीतरी त्या नावाशी जुळवून घेतलं होतं.